मांजर नेहमी पायांवर पडतं आणि लोणी लावलेला पाव नेहमी लोण्याच्या बाजूवर, असं म्हणतात. मग मांजराच्या पाठीवर असा पाव लोणी वर ठेवून बांधला आणि सोडलं, तर ते हवेत कायम फिरत राहील का? त्यातून वीज मिळेल?

नाही. मांजर चार पायांवर उतरेल, पाव पाठीवरच राहील. उत्तर एवढंच आहे, पण याच प्रश्नापायी माझं आणि साडूंचं सहा वर्षं धड बोलणं नाही, म्हणून लिहितो.

नाशिकच्या सातपूरला माझं मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे मोटरीत नवी तार गुंडाळायचं दुकान आहे. साडूंनी एक दिवस तिथे मोटर, अल्टरनेटर आणि जुन्या प्रेसचं फ्लायव्हील, म्हणजे जड चाक, आणून टाकलं. मोटर अल्टरनेटरला फिरवणार, अल्टरनेटर मोटरला वीज देणार, उरलेल्यावर घर चालणार. मी म्हटलं, मोटरची कार्यक्षमता, म्हणजे दिलेल्या ऊर्जेतली किती कामी येते ती, ८५ टक्के धरा, अल्टरनेटरची ८० टक्के धरा, गुणाकार ६८ येतो. बाकीचे ३२ तापण्यात जातात, हात लावून बघा. ऐकलं नाही. जोडणी केली, मेन स्विच ओढला, चाक दोन मिनिटं फिरलं आणि हे ओरडले, "चाललं!" अहो, ती मेनमधूनच आलेली, चाकात साठलेली ऊर्जा होती! थांबलं तर म्हणाले, बेअरिंग खराब. बेअरिंग बदललं. तीन मिनिटं.

त्या पाडव्याला पंचवटीत सासरी फराळाला बसलो असताना त्यांनी हेच मांजर काढलं. निसर्गाचे दोन नियम भिडले की चाक थांबणार कसं, म्हणे. वर सगळ्यांदेखत, "तुम्ही तारा गुंडाळा, विज्ञान राहू द्या."

तर विज्ञान. पाव कुठल्या बाजूवर पडतो याचा लोण्याशी काही संबंध नाही. टेबल पाऊण मीटर उंच, पडायला लागतात ०.४ सेकंद; कडेवरून घसरलेला पाव तेवढ्यात अर्धाच उलटतो, म्हणून लोणी खाली. टेबल पुरेसं उंच असेल तर निकाल बदलेल. मांजराच्या वळण्यातही गूढ काही नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ एतियेन-ज्यूल मारे यांनी १८९४ मध्ये पडत्या मांजराचे एकामागोमाग फोटो काढले. ते कमरेत वाकून पुढचं आणि मागचं धड वेगवेगळं वळवतं. बाहेरून ढकलणारं कुणी नाही. ताकद स्नायूंची, म्हणजे सकाळच्या दूध-पोळीची. समजा फिरत राहिलंच, तरी खाणं संपलं की थांबेल. याला फुकट वीज म्हणत नाहीत.

साडूंचं शेवटचं अस्त्र भास्कराचार्य. ११५० च्या 'सिद्धांतशिरोमणी'त पाऱ्याच्या आपोआप फिरणाऱ्या चाकाचं वर्णन आहे, खरं आहे. चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी नातवाने मठ काढल्याचा शिलालेखही आहे, मी जाऊन पाहिलाय. मला त्यांचा अभिमान साडूंपेक्षा कमी नाही. पण वर्णन असणं वेगळं आणि चाक फिरणं वेगळं. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने १७७५ मध्येच आपोआप कायम फिरणाऱ्या यंत्रांचे प्रस्ताव तपासणं बंद केलं.

मांजर खरोखर टाकून बघू नका, कमी उंचीवरून त्याला वळायला वेळ मिळत नाही. आणि टक्केवारी मी अंदाजाने धरली, मोठ्या मोटरी ९० च्या वर जातात. शंभर कुणीच गाठत नाही.

साडूभाऊ, वाचत असाल तर फ्लायव्हील अजून दुकानात कोपऱ्यात आहे. क्लॅम्प मीटर, म्हणजे तारेतला प्रवाह मोजणारं यंत्र, दोन्ही बाजूंना लावू. रविवारी दुकान बंद असतं, पण तुम्ही या.