मुरूम टाकण्याआधी पाण्याचं बघा

प्रश्न : आमच्या गावातल्या काही शेतकऱ्यांच्या मालकीच्या जमिनीत साग आहे. तोडीची परवानगी मिळाली आहे, पण शेतापासून डांबरी सडकेपर्यंतची दोन किलोमीटरची कच्ची वाट राखीव जंगलातून जाते. मागच्या वर्षी लाकडाचा ट्रक उतारावर कलंडला, ड्रायव्हरचा हात मोडला. वर्गणी काढून मुरूम टाकायचं ठरलं आहे. थर किती जाड लागेल?
– एक शेतकरी, ता. अहेरी, जि. गडचिरोली

उत्तर : भाऊ, ड्रायव्हर वाचला हे फार बरं झालं. वर्गणी मात्र एवढ्यात मुरमात घालू नका. माझी सगळी नोकरी जंगलातल्या रस्त्यांच्या कामांवरच झाली. मुरूम वाहून जाताना मी पुष्कळ पाहिला आहे, आणि दर वेळी कारण एकच, पाण्याला वाट नव्हती.

मोठा पाऊस चालू असताना दोघे-तिघे मिळून ती वाट पायी चाला. पाणी कुठे वाटेवर चढतं, कुठे चाकोरीतूनच धावतं, कुठे साचतं, तिथे झाडाला चुना लावून खूण करा. उन्हाळ्यात हे कळत नाही.

कामाला लागलात की रस्त्याचा मध्य उंच ठेवा. पावणेचार मीटर रुंदीला मध्य कडेपेक्षा सात-आठ सेंटिमीटर वर हवा. दोन्ही अंगांना नाली काढा, आणि नालीतलं पाणी जागोजागी जंगलात सोडून द्या. चढ जितका जास्त, तितक्या कमी अंतरावर. सगळं पाणी खालपर्यंत नेलंत तर ते शेवटी रस्ताच कापतं. ओढ्यावर बारका पाइप टाकण्याचा मोह टाळा. सागाची पानं नि फांद्या अडकून तो पहिल्याच पुरात बुजतो आणि पाणी भरावावरून उडी मारतं. त्यापेक्षा दगडी रपटा, म्हणजे ज्याच्यावरून पाणी वाहून जातं असा ठेंगणा फरसबंद उतार, बरा. कचरा वरून निघून जातो. रपट्याच्या खालच्या अंगाला मात्र मोठे दगड नीट बसवा, कारण पाणी तिथेच खणतं आणि रपटा खालून पोकळ होतो. एवढं झालं की मग मुरूम : काळ्या मातीवर आधी दगडाचं सोलिंग, म्हणजे हाताने बसवलेल्या दगडांचा थर, वर ओला करून रोलरने दाबलेला मुरूम, दाबल्यावर वीसेक सेंटिमीटर.

तुमचा ट्रक उतारावर कलंडला म्हणता. तिथली वळणाची जागा मोजा. लांब ओंडक्यांची गाडी आखूड वळणावर आतल्या कडेला चढते, म्हणून वळण आतून रुंद करावं लागतं. उतार एकास वीसच्या आसपास ठेवता आला तर उत्तम. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारा ड्रायव्हर लाकडाच्या गाडीवर ठेवूच नका. उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाकायचा. माल बाजूच्या खुंटांच्या वर जाऊ देऊ नका. साखळ्या थोडं अंतर गेल्यावर पुन्हा आवळा, कारण हादऱ्याने ओंडके बसतात आणि साखळी सैल पडते. मालावर माणूस बसवणं तर अजिबात नको.

आता परवानगीचं. जंगलाची जमीन आहे, तेव्हा वनखात्याला विचारल्याशिवाय जेसीबी घालू नका, आणि मुरूमही जंगलातून खणू नका; 1927 च्या वन कायद्याने तो गुन्हा आहे. वनहक्क कायदा, 2006 च्या कलम 3(2) प्रमाणे गावासाठी सरकारने करायच्या ज्या कामांना जंगलाची जमीन देता येते, त्यांत रस्ताही आहे. त्यासाठी जागा एक हेक्टरपेक्षा कमी आणि तोडायची झाडं हेक्टरी 75 च्या आत लागतात, शिवाय ग्रामसभेची शिफारस. दोन किलोमीटरला पाच मीटर रुंदी धरली की बरोबर एक हेक्टर भरतो. म्हणून नाल्या नि वळणं धरून सरासरी रुंदी पाच मीटरच्या आत बसवा, ग्रामसभेचा ठराव करा आणि ग्रामपंचायतीमार्फत प्रस्ताव वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे द्या. मंजुरी उपवनसंरक्षक देतात. रस्ता पावसाळ्यात ट्रकला बंद राहील, हेही त्याच ठरावात लिहून घ्या.