टोंगाची लहर पुण्याच्या आलेखात कुठे शोधायची?

प्रश्न : 15 जानेवारी 2022 रोजी प्रशांत महासागरातल्या टोंगा या द्वीपदेशात ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला. त्याची दाबलहर जगभरच्या घरगुती हवामान केंद्रांनी टिपली, असे वाचले. माझ्याकडे पुण्यातली त्या दिवसाची नोंद आहे, पण आलेखात वेगळे काहीच दिसत नाही. केंद्र बिघडले होते का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : केंद्रावर लगेच शंका नको. आपल्याकडे हवेच्या दाबालाही रोज भरती-ओहोटी असते. सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास दाब चढतो, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास उतरतो. हा चढउतार तीन-चार हेक्टोपास्कलपर्यंत (हे हवेच्या दाबाचे एकक) जातो, आणि लहर होती जेमतेम एक-दोनची. युरोपात ही रोजची भरती अगदी क्षीण, म्हणून तिथे लहर नुसत्या डोळ्यांना दिसली.

मुख्य स्फोट आपल्या घड्याळाने सकाळी पावणेदहाच्या आसपास झाला. टोंगा ते पुणे सुमारे 12,800 किलोमीटर, लहरीचा वेग ताशी साधारण 1,130. म्हणजे ती रात्री नऊच्या आगेमागे पोचली, नेमकी दाब चढत असताना! पृथ्वीला उलट्या बाजूने वळसा घालून आलेली लहर दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेदहाच्या सुमारास शोधा. ती अधिक फिकी असेल.

आधीच्या चार दिवसांची त्या-त्या वेळेची सरासरी काढून 15 तारखेच्या नोंदीतून वजा करा. भरती निघून जाईल आणि अर्ध्या तासाच्या आतबाहेरचा उंचवटा उरेल. समुद्रसपाटीला आणलेला, म्हणजे ठिकाणाची उंची धरून हिशेबाने काढलेला दाब घेऊ नका. त्या हिशेबात तापमान मिसळलेले असू शकते. सेन्सरने मोजलेला मूळ दाबच घ्या. पाच मिनिटांची नोंद चालेल, तासाची नाही. आकडे पूर्णांकात साठवले असतील तर मात्र आशा सोडा. फाइलमधली वेळ ग्रिनिचची असेल तर हाच उंचवटा दुपारी साडेतीनला सापडेल.

पुढच्या वेळेसाठी बीएमपी280 हा दाब मोजणारा सेन्सर पुरेसा आहे. दर दहा सेकंदांनी नोंद करा. सेन्सर घरातच, उन्हाबाहेर, बारीक भोकाच्या डबीत ठेवा. गच्चीवरचा सोसाट्याचा वारा एकटाच अर्धा हेक्टोपास्कल हलवतो. डबी जागची हलवू नका, मीटरभर उंच नेली तरी दाब 0.11 हेक्टोपास्कलने उतरतो. दार आपटल्याने आलेखात क्षणभराचा काटा उठतो, त्याला लहर समजू नये.

खात्री हवी तर नागपूरच्या कोणाची तरी त्याच रात्रीची नोंद मिळवा. नागपूर टोंगाला सुमारे 450 किलोमीटर जवळ आहे, तेव्हा तोच उंचवटा तिथे साधारण 24 मिनिटे आधी दिसायला हवा.