जुन्या डस्टरची दुरुस्ती की नव्या गाडीचा हप्ता?

कराड येथील एका शिक्षक दांपत्याने विचारले आहे: "आमची एप्रिल 2015 मधली रेनॉ कंपनीची डिझेल डस्टर गाडी, चारही चाकांना ताकद देणारी, आता 1,86,000 किलोमीटर चालली आहे. घाटात तासभर चालवली की डॅशबोर्डवर चार चाकांच्या यंत्रणेचा दिवा लागतो; गाडी थंड झाली की तो विझतो. वळताना मागून धडधड जाणवते. गॅरेजने 1,68,000 रुपयांचा अंदाज दिला आहे. गाडीला 2,75,000 रुपये मिळत आहेत. ती विकून 15 लाखांची नवी गाडी घ्यावी का? 12 लाखांचे कर्ज काढावे लागेल. मुलगी दहावीत आहे, गृहकर्जाचा हप्ता 32,000 आहे आणि तिच्या शिक्षणासाठी 15,000 रुपयांची एसआयपी चालू आहे. हेळवाकजवळ शेती असल्यामुळे पावसाळ्यातही दर आठवड्याला जावे लागते."

आपल्या पत्रातील एक ओळ मला सर्वांत महत्त्वाची वाटली, आणि ती पैशांची नाही. पुढचे दोन टायर गेल्या वर्षी बदलले, मागचे जुनेच आहेत, असे आपण ओघात लिहिले आहे. या गाडीत मागच्या चाकांकडे ताकद पोहोचवणारे कपलिंग असते. त्यात एकमेकींवर दाबल्या जाणाऱ्या क्लचच्या चकत्या असतात, आणि पुढची व मागची चाके साधारण सारख्याच वेगाने फिरत आहेत हे त्या यंत्रणेचे गृहीतक आहे. आपल्या 215/65 आर 16 मापाच्या नव्या टायरवर सुमारे 8 मिलिमीटर खोल नक्षी असते. मागच्या टायरवर 3 मिलिमीटर उरली असेल, तर त्याचा व्यास जवळपास एक सेंटिमीटरने कमी होतो. ढोबळ हिशेबाने मागचे चाक प्रत्येक किलोमीटरला सुमारे सात फेरे जास्त मारते. हा फरक कपलिंगला घसरत राहून सोसावा लागतो, ते तापते, आणि स्वतःला वाचवण्यासाठी यंत्रणा बंद होऊन दिवा लागतो. तासाभराने लागणारा आणि थंड झाल्यावर विझणारा दिवा या कारणाशी जुळतो. चाकाच्या वेगाच्या सेन्सरची चिखलाने खराब झालेली वायर हेही असाच दिवा लागण्याचे कारण असू शकते, आणि ते काम फार स्वस्तात होते.

म्हणून गॅरेजचा अंदाज एकाच आकड्याचा मानू नये, असे मी आवर्जून सांगेन. आपण पाठवलेल्या कागदावर कपलिंग 78,000, टायमिंग बेल्ट व पाण्याचा पंप 22,000, चार टायर 34,000 आणि मागचे बेअरिंग, बुश वगैरे 34,000 असे चार भाग आहेत. यांपैकी टायमिंग बेल्टचे, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची वेळ जुळवणाऱ्या पट्ट्याचे, काम एक दिवसही लांबवू नये. या इंजिनात बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि मग दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीशी स्पर्धा करू लागतो. पाण्याचा पंपही त्याच बेल्टवर चालतो, त्यामुळे तो सोबत बदलणे शहाणपणाचे. टायर मात्र चार नकोत. पुढचे चांगल्या स्थितीत असतील तर त्याच कंपनीचे, त्याच नक्षीचे दोन टायर मागे घ्यावेत, म्हणजे 17,000 मध्ये भागेल. बेअरिंगचे काम करून घ्यावे. कपलिंगला आत्ता हात लावू नये.

आत्ताचा खर्च त्यामुळे 73,000 रुपयांवर येतो. त्यानंतर स्कॅनरवर दोषाचे कोड वाचून पुसून घ्यावेत, मागच्या डिफरेन्शियलचे (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीचे) व ट्रान्सफर केसचे (ताकद मागे वळवणाऱ्या पेटीचे) तेल बदलून त्यात धातूचा चुरा दिसतो का ते पाहावे, आणि महिनाभर घाट चालवावा. आणखी एक तपासणी आपण स्वतः करू शकता. कोरड्या डांबरी रस्त्यावर चार चाकांच्या यंत्रणेचे गोल बटण 2डब्ल्यूडीवर, म्हणजे फक्त पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या स्थितीत, ठेवून सावकाश तीव्र वळण घ्या. धडधड थांबली तर रोख कपलिंगकडे आहे; तशीच राहिली, तर मागचे बेअरिंग किंवा प्रॉपेलर शाफ्ट (ताकद मागे नेणारा दांडा) पाहायला हवा. हेच बटण लॉकवर, म्हणजे पुढची-मागची चाके एकत्र जखडणाऱ्या स्थितीत, ठेवून कोरड्या रस्त्यावर वळताना गाडी अडखळते, तो मात्र बिघाड नव्हे.

आता दोन्ही वाटांचा खर्च तीन वर्षांवर पसरून पाहू. गाडी ठेवली, तर आजची दुरुस्ती वर्षाला सुमारे 24,000, नेहमीची देखभाल 45,000, विमा 12,000 आणि घटणारी किंमत 50,000 धरू. म्हणजे वर्षाला 1,31,000. कपलिंग अखेर बदलावेच लागले तरी 1,57,000. नवी गाडी घेतली, तर 12 लाखांवर 9 टक्क्यांनी पाच वर्षांसाठी 24,910 रुपयांचा हप्ता बसेल. पहिल्या तीन वर्षांत व्याजच सुमारे 2,42,000 जाते. किंमत तीन वर्षांत पाच लाखांनी घटेल असे मी धरले आहे. विमा व सर्व्हिसिंग मिळून वर्षाचे 52,000 धरले, तर एकूण खर्च वर्षाला तीन लाखांच्या आसपास जातो. शिवाय आपण पाहिलेली नवी गाडी फक्त पुढच्या चाकांवर चालते. जवळपास दुप्पट खर्च करूनही जुलैत शेताकडचा शेवटचा चढ तिला जमेल याची खात्री नाही.

माझी खरी काळजी मात्र मुलीच्या प्रवेशाची आहे. गृहकर्जासह हप्ते 57,000 च्या जवळ गेले की पहिली गदा एसआयपीवर येईल, आणि ती नेमकी शेवटच्या दोन-तीन वर्षांत थांबवणे मला अजिबात मान्य नाही. मी गाडी ठेवण्याच्या बाजूने आहे.

यालाही मर्यादा हवी. डस्टरचे डिझेल मॉडेल 2020 मध्ये आणि त्या पिढीची डस्टरच पुढे 2022 मध्ये भारतात बंद झाली. इंजिनाचे सुटे भाग अजून मिळतात, पण मागच्या आसाचे, विशेषतः कपलिंगचे, भाग दिवसेंदिवस दुर्मीळ होत जातील. म्हणून पुढच्या तीन वर्षांसाठी एका दुरुस्तीची मर्यादा एक लाख ठेवावी. इंजिन तेल खाऊ लागले, किंवा खालच्या सांगाड्याला गंज लागून छिद्रे पडली, तर पैसे न ओतता गाडी विकावी. बेल्ट बदलण्याआधीच मेकॅनिककडून या दोन गोष्टी तपासून घ्या. त्यांतली एकही आढळली, तर माझा वरचा सगळा हिशेब बदलतो.

नोंदणी एप्रिल 2030 पर्यंत वैध आहे. त्यानंतर तपासणी, नूतनीकरणाचे शुल्क आणि पर्यावरण कर हे सगळे येईल, म्हणून त्याआधी बदल करणे सोयीचे. त्यासाठी आजपासून दरमहा 8,000 रुपयांचे आवर्ती ठेव खाते उघडावे. तीन वर्षांत व्याजासह तीन लाखांच्या पुढे रक्कम जमेल, आणि गाडीचे तेव्हा येणारे सव्वा लाख त्यात मिळवले की पुढचे कर्ज बरेच लहान होईल. आजचे 73,000 मुदत ठेवीतून काढावेत. आपत्कालीन निधीचे दोन लाख तसेच राहू द्यावेत.

विम्याबाबत, पाच वर्षांवरील गाडीची विमा किंमत कंपनी व मालक यांच्या संमतीने ठरते, तेव्हा ती बाजारभावाच्या जवळ ठेवून घ्या. केवळ थर्ड पार्टीवर (फक्त दुसऱ्याच्या नुकसानीच्या विम्यावर) जाऊन 1,000 ते 1,500 सीसीच्या गाडीचा, 2022 मध्ये ठरलेल्या दराने 3,416 रुपयांचा, हप्ता भरणे स्वस्त दिसते, पण कुंभार्ली घाटाच्या रस्त्यावर दरड आणि पाणी यांचा धोका असताना मी तसे सुचवणार नाही. रस्त्यावरील मदतीचे संरक्षण घ्या आणि गाडी बंद पडली तर तिची चारही चाके उचलणारे वाहनच मागवा. दोन चाके रस्त्यावर ठेवून ओढत नेल्यास आज वाचवलेले कपलिंग त्याच दिवशी निकामी होऊ शकते.