असला घाबरट हिरो कुठं असतो काय?

प्रश्न : नातू ‘माहोजिन गुरुगुरू’ नावाची जपानी मांगा (चित्रकथा) वाचून खिदळत असतो. मीही चार पानं चाळली. हिरो घाबरट, जादू उलटीच. याला वीरकथा म्हणायचं का?
– एक निवृत्त शिक्षिका, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : म्हणायचं की बाई! हिरोयुकी एतो यांची ही मालिका १९९२ ते २००३ ‘शोनेन गांगान’ मासिकात चालली. छापणारी कंपनी तेव्हाची एनिक्स, म्हणजे ‘ड्रॅगन क्वेस्ट’ हा व्हिडिओ गेम काढणारीच. अन् ही मालिका थट्टा करते ती अशाच गेममधल्या वीरकथांची. आपल्याच दुकानाची टिंगल, तीही स्वतःच्या खर्चानं! यातल्या हिरोला, निकेला, हिरो व्हायची हौस नाहीच. हौस त्याच्या बापाला. गेममध्ये येतात तशा मजकुराच्या चौकटी मध्येच उघडतात आणि त्याची फजिती करतात. गवताचा घागरा नेसून नाचणारा टकला म्हातारा तर माझा लाडका. (नातवाला त्याची नक्कल करायला सांगा.)

तमाशातली गवळण तुम्ही पाहिली असेल. मावशी कृष्णाला तोंडावर टोमणे मारते, म्हणून कृष्ण लहान होत नाही. तसंच हे. निकेची सोबतीण कुकुरी हिनं काढलेली जादूची वर्तुळं फसतात तेव्हा हसू येतं, पण ती आपल्या जमातीची शेवटची उरलेली पोर आहे, हे एतो विसरत नाहीत. नातवाकडून पहिला भाग मागून घ्या. मधूनच उघडलं तर नियम कळत नाहीत, मग ते मोडल्याची गंमत कुठली कळायला?