बेजोड की विजोड? आणि जमीनदोस्तमधला दोस्त कोण?

जीवशास्त्र शिकवणाऱ्या एका ताईंनी विचारलंय: ‘डीएनएची नक्कल झाल्यावर तिच्यातल्या न जुळणाऱ्या जोड्या काही प्रथिनं हुडकून नीट करतात. या मिसमॅच रिपेअरला आम्ही विद्यार्थ्यांच्या पुस्तिकेत बेजोड दुरुस्ती म्हटलंय. एक सहकारी म्हणतात, विजोड हवं. बरोबर काय?’

सहकारी बरोबर. ‘बेजोड’ने हल्ली उच्छाद मांडलाय. मसाल्याच्या पाकिटावर बेजोड चव, साडीच्या दुकानावर बेजोड संग्रह. त्या पाट्यांपुरता तरी शब्द ठीक आहे, कारण बेजोड म्हणजे ज्याला जोड नाही असा, आपल्या भाषेत जगात भारी. पण कोल्हापुरात राहून ‘जोड’ कळू नये? खासबागेत ज्याच्या तोडीचा मल्ल मिळत नाही तो बेजोड. त्याची कुस्तीच लागत नाही. आणि शंभर किलोच्या गड्यासमोर मिसरूड न फुटलेलं पोर उभं केलं, तर ती जोड विजोड. लागली आहे, पण चुकीची लागली आहे. डीएनए म्हणजे समोरासमोरच्या दोन धाग्यांची दोरी, आणि धाग्यांवर ओवलेली ए, टी, जी, सी ही चार रासायनिक अक्षरं. त्यात ए समोर टी आणि जी समोर सी हवा. नकलेत कधी जी समोर टी बसतो. टीला जोडीदार आहे, फक्त त्याचा नाही. तेव्हा विजोड. ‘बेजोड दुरुस्ती’ म्हणजे फार तर फर्स्टक्लास दुरुस्ती.

उत्तर संपलं. आता ‘दुरुस्ती’ या शब्दाकडे येतो, कारण तिथे मला जास्त बोलायचंय.

मला तिथे ‘डागडुजी’ हवा. हसू नका. रस्त्यातल्या खड्ड्यांत मुरूम टाकण्याला डागडुजी म्हणून म्हणून आपण त्या शब्दाची रया घालवली. मुळात तो शिवणकामातला. फारसीत दोख्तन म्हणजे शिवणं, त्यातला ‘दोज’ म्हणजे शिवणारा किंवा शिवलेला. जर म्हणजे सोनं, म्हणून जरदोजी. दाग आणि दोजी मिळून डागडुजी: डाग पडलेल्या जागी घातलेली शिवण. ‘दाग’चा ‘डाग’ झाला आणि शेजारच्या ‘डा’ने ‘दो’लाही आपल्या ओळीत ओढून ‘डु’ केलं, एवढाच बदल. आणि प्रथिनं नेमकं हेच करतात. चुकलेलं एकच अक्षर खरवडून काढत नाहीत. त्या बाजूच्या धाग्याचा लांबलचक तुकडा उसवतात, जिवाणूंत तो कधी कधी हजारभर अक्षरांचा भरतो, मग जुन्या धाग्याकडे बघत तो नव्याने विणतात आणि शेवटी टाका घालतात. याला दुरुस्ती म्हणणं म्हणजे रफूगाराला मेकॅनिक म्हणणं.

आता खरी गंमत. हाच ‘दोज’ मराठीत आणखी एका ठिकाणी दडून बसलाय: जमीनदोस्त. हिंदी-उर्दूत आजही जमींदोज म्हणतात, जमिनीशी शिवून टाकलेलं. इमारत अशी पाडायची की जमीन आणि ती यांत शिवणीचीही फट राहू नये! आपल्याकडे ‘दोज’ कोणाला कळेना, पण ‘दोस्त’ सगळ्यांना ठाऊक. कोणीतरी बिचकून दोजचा दोस्त केला आणि तो टिकला. परवा एका व्याख्यानात एका विद्वानांनी छातीठोकपणे सांगितलं, की पडलेला वाडा जमिनीशी दोस्ती करतो म्हणून जमीनदोस्त. टाळ्याही पडल्या. अहो, मग आकाशदोस्त विमान का नाही? मी नंतर जाऊन विचारलं, तर म्हणाले, ‘लोकांना हे पटतं.’ पटतं, म्हणूनच तर घोटाळा झाला! एकाच धातूपासून एक शब्द सांधण्याचा आणि दुसरा पाडण्याचा, हे पटायला टाळ्या लागत नाहीत.

तर परत दुरुस्ती की डागडुजी याकडे. शब्द ठरवायचा तर प्रथिनांची खरी अडचण काय, ते आधी पाहायला हवं. नक्कल करणारं पॉलिमरेज हे विकर (एन्झाइम) एकटं साधारण लाखात एक अक्षर चुकतं. लिहिता लिहिता मागे वळून खोडण्याची सोय त्यातच असते, तिने चूक कोटीत एकावर येते. माणसाच्या एका पेशीत 6 अब्जांच्या आसपास अक्षरजोड्या. म्हणजे एवढं करूनही दर नकलेला सहाशेच्या घरात चुका उरणार. त्यांच्यासाठी ही दुसरी तपासणी, आणि तिच्यामुळे प्रमाण अब्जात एकापर्यंत उतरतं.

विजोड जागा सापडणं तितकं अवघड नाही. ई. कोलाय या जिवाणूत म्यूटएस हे प्रथिन डीएनएवरून सरकत जातं. जोड कच्ची असते तिथे दोरी सहज वाकते, ते तिला वाकवून धरतं आणि म्यूटएल या दुसऱ्या प्रथिनाला बोलावतं. अवघड पुढेच आहे. जी समोर टी बसलाय. चुकलंय कोण, जी की टी?

मी कॉलेजात असताना सुट्टीत इथल्याच एका छापखान्यात मुद्रितं तपासायला जायचो. जुळारी खिळे जुळवायचे, गॅली म्हणजे कच्चा छाप निघायचा, मी मूळ प्रत शेजारी ठेवून वाचायचो. एका कथेत बाई म्हणते, ‘मी जातो.’ जुळाऱ्यांनी लावलं होतं ‘मी जाते’. मला व्याकरणात पैकीच्या पैकी मार्क! उचलली लाल पेन्सिल आणि मूळ प्रतीतलंच ‘जातो’ खोडलं. आमची आजी जन्मभर ‘मी येतो, मी जातो’ म्हणत आली, पण पेन्सिल हातात असली की आजी आठवत नाही. मालकांनी कागद माझ्यासमोर धरला. मूळ प्रतीच्या प्रत्येक पानावर ते जांभळा शिक्का मारत. ताज्या गॅलीवर तो नसे, तपासून झाल्यावरच पडे. म्हणाले, ‘पोरा, आधी शिक्का बघायचा, मग पेन्सिल उचलायची. शिक्क्याच्या कागदाला हात लावायचा नाही.’

ई. कोलायचा जांभळा शिक्का म्हणजे मिथाइल हा छोटासा रासायनिक गट. जी-ए-टी-सी अशी चार अक्षरं जिथे येतात तिथल्या ए वर डॅम नावाचं विकर तो मारतं. नवा धागा ताजा असताना थोडा वेळ कोरा असतो. तेवढ्या अवधीत म्यूटएच हे प्रथिन बिनशिक्क्याच्या धाग्याला चीर देतं आणि तिथून उसवायला सुरुवात होते. पुढे नव्यावरही शिक्का पडला, की जुना कोणता नि नवा कोणता, सगळं सारखंच. आपल्या पेशींत ना हा शिक्का, ना म्यूटएच. तिथे नव्या धाग्यातल्या अजून न सांधलेल्या चिरा आणि नक्कल करताना धाग्याभोवती चढवलेलं पीसीएनए नावाचं कडं, यांवरून नवा धागा ओळखला जातो. हे शोधण्यात पॉल मॉड्रिच यांची हयात गेली. 2015 सालचं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना टॉमस लिंडाल आणि अझीझ सँकार यांच्यासोबत मिळालं. आणि ही प्रथिनं बनवणारं एखादं जनुकच जन्मतः बिघडलेलं असेल तर लिंच सिंड्रोम होतो. मोठ्या आतड्याच्या आणि गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका पुष्कळ वाढतो.

म्हणून ‘विसंगती-निवारण’ वगैरे सुचवणाऱ्यांशी माझं जमत नाही. निवारण तर मीही केलं होतं, त्या ‘जातो’चं! विसंगती गेली आणि मूळही गेलं. डागडुजीत कापड जुनं, टाका नवा, हे शब्दातच बसलेलं आहे.

विजोड जागा वेळेत सांधली नाही तर? पुढच्या नकलेत धागे वेगळे होतात. जी आपल्यासमोर सी घेतो, टी आपल्यासमोर ए. दोन्ही जोड्या आता नियमाप्रमाणे चोख, म्यूटएस दोन्हींवरून सुखाने सरकत जातं, आणि त्यांतल्या एका लेकपेशीत बदल कायमचा बसतो. जमीनदोस्तचं तेच झालंय. कोशात दोस्त, वर्तमानपत्रात दोस्त, माझ्या लिहिण्यातही दोस्त. उद्या मी जमीनदोज लिहिलं तर मुद्रितशोधक माझीच चूक काढेल, आणि ते बरोबर असेल.

ताई, तुमच्या पुस्तिकेत ‘विजोड डागडुजी’ लिहा. हिंमत होत नसेल तर ‘विजोड दुरुस्ती’. पण पुस्तिका अजून प्रुफात असेल तर ‘बेजोड’ आजच काढा, पुढच्या वर्षीचे विद्यार्थी त्यावरूनच टिपणं उतरवणार आहेत. आणि तुम्ही पाठवलेल्या पानाच्या मथळ्यात ‘दुरूस्ती’ असं पडलंय. तो रु ऱ्हस्व.