पारदर्शक पॉलिमर ऑप्टिकल फायबरला चालेल का, आणि तो विकत कोण घेईल?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या नव्या पॉलिमरची ३ मिमी जाडीची पट्टी ९२ टक्के प्रकाश पलीकडे सोडते, आणि तो ऑप्टिकल फायबरला चालेल का, चालला तर गिऱ्हाईक कुठे मिळेल, हे तुम्हाला हवंय. मी प्लास्टिक फायबर ओढण्याच्या, म्हणजे तापवलेल्या प्लास्टिकचा बारीक धागा काढण्याच्या, कामात आहे, म्हणून आधी या ९२ टक्क्यांबद्दलच सांगतो. फायबरच्या दृष्टीने हा आकडा जवळजवळ काहीच सांगत नाही.

अॅक्रिलिकसारखा, म्हणजे १.४९ च्या आसपास अपवर्तनांक (माल प्रकाश किती वळवतो त्याचा आकडा) धरा. पट्टीच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परततो. दोन्ही बाजूंचे मिळून ८ टक्के तिथेच गेले. उरलेला ९२ टक्के हा पृष्ठभागांचा हिशोब झाला, आतल्या मालाचा नाही. समजा तुमच्या पॉलिमरमध्ये मीटरला १ डेसिबल लॉस, म्हणजे वाटेत होणारी प्रकाशाची घट, आहे (१० डेसिबल गेले की दहावा भाग उरतो). ३ मिमी पट्टीत त्यामुळे ०.०७ टक्के प्रकाश कमी होईल, नेहमीच्या स्पेक्ट्रोफोटोमीटरला तो कळणारही नाही. पण त्याच मालाच्या २० मीटर फायबरमधून शंभरातला एकच भाग बाहेर पडेल. चांगल्या अॅक्रिलिक फायबरचा लॉस ६५० नॅनोमीटरला (लाल प्रकाशाच्या तरंगलांबीला) मीटरमागे ०.१५ ते ०.२ डेसिबल असतो. गाभ्यासाठी, म्हणजे प्रकाश वाहणाऱ्या आतल्या भागासाठी, माल विकायचा असेल तर तुलना त्याच्याशी होणार. काचेच्या फायबरशी स्पर्धेचा विचारच सोडा. तिथे १५५० नॅनोमीटरला अख्ख्या किलोमीटरमागे ०.२ डेसिबल जातात.

त्यामुळे खरी चाचणी फायबर ओढूनच होते. स्वच्छ दांडा ओतून घ्या, त्यातून १०-१२ मीटर ओढा, आणि ज्ञात कमी अपवर्तनांकाचं क्लॅडिंग, म्हणजे प्रकाश आत राखणारं बाहेरचं आवरण, चढवा. उघड्या फायबरवर ओरखडे आणि धूळ इतकी नडते की आकडा पॉलिमरचा राहत नाही. मग कटबॅक करा: एका टोकातून प्रकाश सोडून दुसऱ्या टोकाला मोजायचा, सोडणारं टोक अजिबात न हलवता फायबर आखूड कापायचा, नवं टोक घासून गुळगुळीत करायचं आणि पुन्हा मोजायचं. १० मीटरचा फायबर २ मीटर केल्यावर प्रकाश दीडपट झाला, तर ८ मीटरमध्ये १.७६ डेसिबल गेले, म्हणजे मीटरला ०.२२. नव्या मालासाठी हा आकडा उत्तम आहे.

याच वेळी खोलीत अंधार करून फायबर बाजूने बघाच. मी हे प्रत्येक नमुन्याला करतो, कारण आकड्यापेक्षा जास्त इथे कळतं. सुटे चमकणारे ठिपके दिसले तर धूळ किंवा बुडबुडे आहेत. तो दोष प्रक्रियेचा, गाळणी आणि स्वच्छता सुधारली की जाईल. सगळीकडे सारखी दुधट झाक असेल तर प्रकाश पॉलिमरच्या आतच विखुरतोय. बहुधा स्फटिकीकरण किंवा घटकांचं नीट न मिसळणं हे त्याचं कारण असतं, आणि ते गाळून जात नाही. तिसरं कारण डोळ्याला दिसत नाही: कार्बन-हायड्रोजन बंध लाल आणि अवरक्त प्रकाश शोषतात. म्हणून अॅक्रिलिक ६५० च्या पुढे झपाट्याने बिघडतं, आणि फ्लोरिनयुक्त पॉलिमर ८५० किंवा १३०० नॅनोमीटरलाही चालतात.

लॉस जास्त निघाला तरी लगेच निराश होऊ नका. फायबरमध्ये पॉलिमरच्या जागा अनेक असतात. अपवर्तनांक १.४० च्या जवळ असेल तर तुमचा माल क्लॅडिंगचा आहे, आणि क्लॅडिंगमध्ये प्रकाश फार कमी शिरत असल्यामुळे लॉसची अट बरीच सैल होते. काचेच्या फायबरवर कोटिंग चढून त्याचा व्यास १२५ मायक्रॉनवरून सुमारे २५० मायक्रॉन होतो, आतला थर मऊ आणि बाहेरचा कडक. पण तिथे यूव्ही (अतिनील) प्रकाशाने पक्कं होणारं द्रव रेझिन लागतं, पॉलिमरच्या दाण्यांचा उपयोग नाही. आणि तुमचा पॉलिमर १२० अंशांना टिकत असेल तर मीटरला १ डेसिबल लॉसलाही गिऱ्हाईक मिळू शकतं. साधा अॅक्रिलिक फायबर ८५ अंशांपर्यंतच वापरतात, आणि गरम जागी दोन-तीन मीटर अंतरासाठी फायबर लागणारे लोक आहेत. त्यासाठी ओलसर उष्णतेत हजार तास ठेवून लॉस पुन्हा मोजा. पाणी शोषणारे पॉलिमर इथेच बाद होतात.

आता गिऱ्हाईक. प्लास्टिक फायबरच्या मोठ्या उत्पादकांना गाभ्याचे दाणे विकणं अवघड आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. मोनोमरचं ऊर्ध्वपातन, पॉलिमरीकरण आणि फायबर ओढणं हे सगळं ते शक्यतो बंद नळीत सलग करतात, कारण दाणे करून पुन्हा वितळवले की धूळ शिरते. तुमच्यासाठी रोषणाईचे फायबर, यंत्रांवरचे सेन्सर आणि वैद्यकीय उपकरणांतले प्रकाशवाहक बनवणारे छोटे उत्पादक जास्त जवळचे. ते माल बाहेरून घेतात आणि निर्णयही लवकर देतात. फायबर ओढायची सोय असलेल्या विद्यापीठांच्या प्रयोगशाळांकडे आधी जा. तिथे मोजलेल्या लॉसवर तुमच्या स्वतःच्या आकड्यापेक्षा जास्त विश्वास ठेवला जातो. ड्युसेलडॉर्फचं के प्रदर्शन प्लास्टिकवाल्यांसाठी आहे, ओएफसी आणि ईसीओसी ही प्रदर्शनं फायबरवाल्यांसाठी. तुम्हाला दुसऱ्या गटाचे लोक भेटायला हवेत.

रचना कुणालाही सांगण्यापूर्वी पेटंटचा अर्ज करा. बऱ्याच देशांत आधी जाहीर केलेल्या गोष्टीवर हक्क मिळत नाही. नंतर गोपनीयतेचा करार, मग नमुना. सोबत एकच पान द्या: अपवर्तनांक आणि तो कोणत्या तरंगलांबीला मोजला, काचसंक्रमण तापमान (ज्याच्या वर पॉलिमर मऊ पडतो), मेल्ट फ्लो (वितळल्यावर तो किती सहज वाहतो), पाणी शोषण, आणि कटबॅकने काढलेला लॉस. हे आकडे एका नमुन्याचे नकोत, वेगवेगळ्या तीन लॉटचे हवेत. खरेदीदाराचा पहिला प्रश्न पुढचा लॉट असाच येईल का हाच असतो. दाणे वाळवून दुहेरी बंद पिशवीत पाठवा, आणि पिशवीवर लॉट क्रमांक व वाळवल्याची तारीख लिहा.