मासे राहू द्या, आकड्याचं बघा

प्रश्न (रामटेक तालुका): माझ्या १९ वर्षांच्या मुलानं दोन मित्रांसोबत खांबावरच्या तारेवर आकडा टाकून मामा (माजी मालगुजारी) तलावात करंटनं मासे मारले. शेजाऱ्याची म्हैस पाण्यात होती, ती दगावली. तलाव मासेमार ढीवर बांधवांच्या संस्थेकडे ठेक्यानं आहे, त्यांनी तक्रार केली. ठाण्यातून नोटीस आली. लोक म्हणतात, मासेमारीच्या कायद्यात करंटचं नावच नाही, किरकोळ दंडावर सुटेल. खरं का?

उत्तर: भाऊ, लोक अर्धं खरं सांगतात, म्हणूनच ते जास्त घातक. १८९७ च्या मत्स्य कायद्यानं सुरुंग लावून किंवा पाण्यात विष कालवून मासे मारणं गुन्हा ठरवलं. करंट त्यात नाही; तेव्हा गावात खांब तरी कुठे होते! पण पोरगा अडकला आहे तो आकड्यात. तारेवर आकडा म्हणजे वीज कायदा २००३, कलम १३५ ची वीजचोरी. तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही, आणि गुन्हा अजामीनपात्र.

नदीतला मासा जाळ्यात येईपर्यंत कुणाचाच नसतो. बंदिस्त तलावात संस्थेनं बोटुकली (माशांची पिल्लं) सोडून वाढवलेला मासा मात्र संस्थेचा, तिथं चोरीचं कलम लागू शकतं. म्हशीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लावतील, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. इथं बचावाला जागा आहे: जनावराला इजा करायचा इरादा नव्हता, ते पाण्यात आहे हे माहीतही नव्हतं. पण ती ढोरांना पाणी पाजायची वेळ असेल, तर ‘माहीत नव्हतं’ हे कोण मानेल? ते आधी मला खरंखरं सांगा.

नोटीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची असेल, तर ठरल्या दिवशी हजर राहणाऱ्याला पोलीस कारण लिहिल्याशिवाय अटक करू शकत नाहीत. गैरहजर राहिला तर मात्र अटक. तेव्हा पोराला मामाच्या गावी धाडू नका. हजर राहायच्या दिवसाआधी नागपूरच्या सत्र न्यायालयात त्याच संहितेच्या कलम ४८२ खाली अटकपूर्व जामिनाचा अर्ज टाका.

वीजचोरी वीज कायद्याच्याच कलम १५२ खाली ठरावीक रक्कम भरून मिटवता येते, पण एका माणसाला आयुष्यात एकदाच. शेजाऱ्याला म्हशीची भरपाई द्या, पावती घ्या. पावतीत ‘माझ्या मुलानं मारली’ असं एक अक्षर नको. तलाव पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीबाहेर आहे हे नशीब, नाहीतर वन्यजीव कायदाही लागला असता.

तार आणि बांबू अजून घरी असतील तर जाळू किंवा फेकू नका. पुरावा नष्ट करणं हा वेगळा गुन्हा, आणि त्यात तुम्हीही याल.